मदत करायची नाही

"ताई, इथं दाबू का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

समोर बसलेल्या शिलाईवाल्या बाईंनी आधी हातातल्या मोबाईलकडे पाहिलं, मग ॲप तपासायला आलेल्या मुलीकडे. "अहो, मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

ती हसली नाही. तिचं कामच तसलं. शिकवणारी ॲप्स बाजारात येण्याआधी साध्यासुध्या माणसांच्या हाती द्यायची, शेजारी बसायचं आणि ती कुठे अडतात ते बघायचं. अडलेल्याला मदत करायची नाही, हा पहिला नियम. मदत केली तर ॲपची खोट कळणार कशी? या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोरचा घामाघूम होवो, हिच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

आणि हाच नियम तिनं घरी आणला. करंटेपणा, दुसरं काय!

आईला वाचता येत नव्हतं. मावशीनं अंथरूण धरलं, तेव्हा आईनं हट्टच घेतला. "बसची पाटी वाचण्यापुरतं तरी शिकव गं. माझी मी जाऊन येईन तिच्याकडे. सारखं तुझ्या तोंडाकडे किती बघायचं?"

लेकीनं कौतुकानं अक्षरओळखीचं नवं ॲप मोबाईलवर घालून दिलं आणि शेजारी बसली.

"आता काय करू?"

"तुला काय वाटतं?"

"अगं, मला काय कळतंय त्यातलं?"

"बघ ना, सुचेल."

आईचं बोट काचेवर टेकायचं, उचलायचं, पुन्हा टेकायचं. चुकलं की मोबाईल म्हणायचा, "पुन्हा प्रयत्न करा!"

"हा मेला तुझ्यासारखाच," आई म्हणायची.

लेक अडलेली जागा मनात टिपून ठेवायची आणि ऑफिसात सांगायची. साहेब खूश व्हायचे. "रविवारी मी नेते ना तुला मावशीकडे," असं आईला दर आठवड्याला सांगायची, आणि रविवारी काही ना काही निघायचंच.

मावशी गेली. आई अजून सुरुवातीच्या धड्यांतच अडकलेली होती.

पाहुणे पांगल्यावर लेक मोबाईल घेऊन आईला खेटून बसली. "चल आई, आता मी सांगते. हे दाब. हं, आता हे." ती आईकडे वळली. "चुकलंच माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं गं."

आईनं चष्मा लावला. "असू दे. तुझं कामच ते. मला काही राग नाही आला."

"तसं नाही गं आई..."

"आता मला कुठे जायचंय शिकून? पण तुझ्या ऑफिसात उपयोग होत असेल तर बसत जाईन मी रोज. त्यात काय एवढं?"

तिनं लेकीनं दाखवलेलं अक्षर दाबलं. "शाब्बास!" मोबाईल म्हणाला.

आईनं पुढच्या अक्षरावर बोट नेलं आणि लेकीच्या तोंडाकडे बघत थांबली.