दुसऱ्याचा वस्तरा

देवयानीला खरं तर फक्त डबा हवा होता. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलाच्या लग्नाला ती पानिपतला गेली होती, तेव्हा जुन्या सामानाच्या एका दुकानात तिला शिसवी डबा दिसला. दोरे, बटणं ठेवायला बरा, म्हणून तिने तो उचलला. घरी येऊन उघडला तर आत वस्तरे. मिटलेले, गंजलेले, एकमेकांना चिकटलेले.

"टाकून दे बाई," तिची आई चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "कुणाकुणाच्या गालावरून फिरलेत कोण जाणे."

देवयानीने ते टाकले नाहीत. केंद्र सरकारच्या एका खात्यात ती सेक्शन ऑफिसर होती. पंचेचाळिशी उलटलेली, एक लग्न फार पूर्वी मोडलेलं, दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आई आणि ती दोघीच. दिवसभर फायली वाचून डोळे दमायचे, पण हात रिकामेच राहायचे. त्या हातांना वस्तऱ्यांनी काम दिलं. ती वाचत, विचारत, चुकत शिकली. पहिला वस्तरा तिने उकळत्या पाण्यात टाकला आणि त्याची मूठ वाकडी झाली. दुसऱ्याला ब्लीच लावलं, तर पात्यावर काळे डाग उठले. हळूहळू हात बसला. पुढे तिने नीट केलेले वस्तरे शौकीन लोक मागून नेऊ लागले.

चैतन्य तसाच आला. गाझियाबादला राहणारा, एका कंपनीत इंजिनियर, वय देवयानीच्याच आसपास, एकटा. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी त्याला तिचा नंबर दिला होता. बाकीचे लोक मूठ कशाची आहे, पातं कुठल्या देशातलं आहे, असं विचारायचे. याने वेगळंच विचारलं.

"हा आधी दुसऱ्याने वापरलेला. तो तुम्ही नक्की कसा साफ करता?"

देवयानीला प्रश्न आवडला. तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि हातमोजे घालून दाखवायला सुरुवात केली. आधी साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. पातं मुठीला जिथे जोडलेलं असतं, त्या खिळ्याच्या फटीत खरी घाण बसते.

"जमलं तर खिळा काढून पातं सुटं करायचं," ती म्हणाली. "मग गंज. पॉलिश पेपर पाठीकडून धारेकडे न्यायचा, धारेवर बोट कधीच नाही. गंज गेला की जंतुनाशक. दवाखान्यात अवजारांना वापरतात ते, आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ बुडवून ठेवायचं. गंजाखाली जंतू लपतात, म्हणून आधी गंज आणि मगच औषध."

"स्पिरिटने पुसलं तर चालत नाही?"

"नुसत्या पुसण्यावर मी विसंबत नाही. शेवटी नवी धार लावायची, पुन्हा जंतुनाशक, मग कोरडं करून तेलाचं बोट. आणि एक वस्तरा एकाच माणसाचा."

"बिल्कुल," तो म्हणाला.

त्याने वस्तरा नेला, पण पुढच्या रविवारी परत आला. शिकायचंय म्हणाला. मग येतच राहिला. काम सुरू करायच्या आधी तो हातमोजे घालायचा, ते उठेपर्यंत काढायचा नाही. चंद्रप्रभाबाई त्याच्यासाठी थालीपीठ लावायच्या आणि तो गेल्यावर लेकीकडे बघून उगाच हसायच्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी एक खिळा निघेना. चैतन्यने चिमट्याने जोर लावला, पातं सटकलं आणि हातमोजा कापून त्याच्या अंगठ्यात गेलं. रक्ताचे थेंब वर्तमानपत्रावर पडले, काही टेबलावर. देवयानीने चहासाठी हातमोजे काढलेले होते. तिने तसाच हात पुढे केला.

"हात लावू नका!"

तो इतक्या जोरात ओरडला की चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

चैतन्यने स्वतःचा रुमाल अंगठ्याभोवती आवळला होता. चेहरा पांढरा पडला होता. "मला हेपटायटिस बी आहे," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं आहे. औषध चालू आहे, तब्येत ठीक आहे. पण माझ्या रक्ताला हात लावू नका. घरात ब्लीच असेल ना?"

देवयानीने हातमोजे घातले. त्याने जखम धुऊन घट्ट पट्टी बांधली. तिने थेंब कागदाने टिपले, टेबलावर ब्लीचचं पाणी ओतून ते मुरू दिलं, कागद दुहेरी पिशवीत बांधले. तो वस्तरा जंतुनाशकात बुडवून वेगळा ठेवला.

"तो मी घेऊन जाईन," चैतन्य म्हणाला. पण तो भिजेपर्यंत थांबला नाही. चहाही तसाच राहिला.

तो गेल्यावर चंद्रप्रभाबाईंनी त्याचा कप उकळत्या पाण्याने धुतला आणि बाल्कनीत वेगळा वाळत घातला. देवयानीला ते दिसलं. तिने आईला अडवलं नाही, कारण ती स्वतःही खिडकीशी उभी राहून आपली बोटं तपासत होती. आदल्या दिवशी पॉलिश पेपरने एका बोटाचं सालपट निघालं होतं. तिला भीती वाटत होती. आणि रागही आला होता.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टर रसिका तरुण होत्या, पण घाई करत नव्हत्या. रक्ताचा स्पर्शही झाला नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. तपासणीसाठी रक्त घेतलं, मग लशीचं पहिलं इंजेक्शन दिलं.

"कपाने, ताटाने, शेजारी बसल्याने हा आजार पसरत नाही," त्या म्हणाल्या. "रक्ताने पसरतो, सुईने, वस्तऱ्याने, नवराबायकोच्या संबंधातून. लस पूर्ण घेतली आणि ती लागू पडली की काळजी नाही. ते तुमच्या घरातले आहेत का?"

"अजून नाही," देवयानी म्हणाली, आणि स्वतःच चमकली.

चैतन्य पुढचे काही रविवार आला नाही. फोनही नाही. शेवटी तिनेच त्याला संजय झीलवर बोलावलं. दोघं पाण्याकाठच्या बाकावर बसले.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या दिवशी मी गिऱ्हाईक होतो. नंतर..." तो थांबला. "एकदा सांगितलं होतं. जमत आलेलं लग्न मोडलं. तुम्हीही आता येऊ नका म्हणाल, याची भीती वाटली."

"मला ठरवू तर द्यायचं होतंत! टेबल माझं, हात माझे."

"हो. चुकलंच माझं." त्याने सबबी सांगितल्या नाहीत. "आजार कळला तेव्हाच न्हाव्याकडे जाणं सोडलं. माझ्यामुळे कुणाला काही व्हायला नको. म्हणून स्वतःचा वस्तरा हवा होता."

तिचा राग पूर्ण गेला नव्हता, पण तो सांगण्याची गरज उरली नव्हती.

"माझा रिपोर्ट चांगला आला," ती म्हणाली. "लस सुरू केलीय."

"अच्छा," तो म्हणाला.

"रविवारी या. आईला मी सांगेन."

आईला सांगणं तिला जड जाईल असं वाटलं होतं. चंद्रप्रभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टर कपाबद्दल काय म्हणाल्या ते पुन्हा विचारलं. मग उठल्या, बाल्कनीतला कप आणला आणि इतर कपांबरोबर फडताळात ठेवला. देवयानीच्या दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी त्या साडी बदलून दारात उभ्या राहिल्या.

"तू कुठे?"

"मलाही टोचून घ्यायचंय. घरात माणूस येणार-जाणार, मी काय बाहेर बसू?"

चैतन्य पुन्हा रविवारी येऊ लागला. त्याच्या धारदार वस्तूंचा डबा वेगळा झाला, जखम झाली तर काय करायचं ते तिघांनाही ठाऊक झालं, आणि मग त्याबद्दल रोज बोलण्याची गरज राहिली नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला. देवयानीचं तिसरं इंजेक्शन झालं आणि पुढच्या तपासणीत लस लागू पडल्याचं कळलं.

तो रिपोर्ट चंद्रप्रभाबाईंनी चष्मा लावून वाचला, त्यातलं फारसं न कळता. मग टेबलाशी वस्तऱ्याला तेल लावत बसलेल्या चैतन्यला म्हणाल्या, "तुमचं दोघांचं काही ठरलंय का?"

त्याचा हात थांबला. "काकू, मी अजून विचारलंच नाही."

"मग विचार की."

देवयानी हातमोजे काढत होती. ते बाजूला ठेवून ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"विचारा," ती म्हणाली.