रस्त्यालगतचं अंगण

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. मारिट ओव्हनमधून हॉटडिश, ते मांस-बटाट्याचं भाजलेलं, काढत होती, आणि तेवढ्यात मागच्या दारातून ऑर्विल रुस्टाड आत! आमच्या गावात मागचं दार कोण वाजवतंय म्हणा. त्याने बूट काढून पायपुसण्याशेजारी नीट जोडीने ठेवले आणि रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचा ट्रे घेऊन सरळ स्वयंपाकघरात आला. मी शेजारची, मदतीला गेलेली, सिंकपाशी भांडी विसळत होते. हातातली बशी तशीच राहिली.

कारण मारिटने शपथ घेतली होती ना, की हा माणूस परत आपल्या टेबलाशी बसणार नाही.

तुला आठवतंय ना, तिने ते अख्खं वर्ष कसं काढलं होतं? तिच्या बापाची, आर्लनची, किडनी गेली. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा शहरात न्यायचं, जायला दीड तास, यायला दीड तास, आणि बर्फ पडला की देवाच्या भरवशावर. मागच्या सीटवर गावातलीच व्हर्ना ओबर्ली, तिचंही तेच दुखणं. जाताना दोघं पत्त्यांवरून भांडायची, येताना दोघंही तोंड उघडं टाकून झोपलेली. मग मारिटने ठरवलं, राज्यभर सह्या गोळा करणाऱ्यांत आपणही जायचं. मागणी साधी होती. ज्या जिल्ह्यात डायलिसिस नाही तिथे सरकारने ते सुरू करायचं. सह्या पुरेशा झाल्या की असा कायदा थेट लोकांच्या मताला जातो. जत्रेत डुकरांचे कोंडवाडे आणि तळलेल्या चीजचा ठेला यांच्या मधोमध पॅड घेऊन उभी असायची. पहिली सही व्हर्नाची. नोव्हेंबरात अख्ख्या राज्याने मत दिलं आणि जिंकलो आपण. व्हर्ना चर्चच्या तळघरात नाचली होती गं, काठी हातात धरून!

आणि फेब्रुवारीत विधानसभेने तो कायदा रद्द केला. लागू व्हायच्या आत. रद्द करणाऱ्यांत आपला आमदार रुस्टाडही.

“ये, ऑर्विल. कॉफी घे,” आर्लन म्हणाला.

“नको रे, निघायचंय.”

“अरे, घे.”

“नाही, खरंच.”

“केलेलीच आहे.”

“बरं, अर्धा कप.”

मारिटने कप त्याच्यासमोर ठेवला. ठेवला म्हणजे काय, आपटला. मग खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. तिची ही लहानपणापासूनची सवय. रुस्टाड गुरांचा लिलाव पुकारतो ना, तर पाच-सहा वर्षांची असताना तिने तिथे नाक खाजवलं आणि हा माइकवरून ओरडला, “विकली! लाल गाय, मारिट हाउगेनला!” अख्खी शेड हसली. ही रडायला लागली. मग यानेच खाली उतरून तिला चॉकलेट दिलं होतं. तेव्हापासून बापाने शिकवलं, रुस्टाडसमोर बसलीस की हात खाली. त्याला शेवटच्या रांगेतल्या टोपीची कड हललेली दिसते, आणि तीही तो बोली धरतो.

थोडा वेळ वासरं, पाऊस, डिझेलचा भाव असं चाललं. मग मारिटच्याने राहवेना.

“मिस्टर रुस्टाड, लोकांनी मत दिलं होतं.”

“दिलं होतं, पोरी.”

“तुमच्याच जिल्ह्याने दिलं होतं. तुम्हाला पडली त्यापेक्षा जास्त मतं त्याला पडली.”

“तेही खरं.” तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. “पण हे प्रजासत्ताक आहे, मारिट. लोकशाही नव्हे. लोकांनी एका दिवशी हात वर केले की झाला कायदा, असं चालत नाही. लोक माणसं निवडून पाठवतात, ती माणसं बसून विचार करतात. शाळेत रोज सकाळी झेंड्यापुढे प्रतिज्ञेत काय म्हणायचीस? त्यात लोकशाही हा शब्द कुठे आहे, दाखव मला.”

“नाहीये. प्रजासत्ताक आहे. आणि शेवटी ‘सर्वांसाठी न्याय’ आहे. तेवढं म्हणेपर्यंत तुम्ही खाली बसायचात वाटतं?”

आर्लन खोकला. म्हणजे हसला, पण पाहुण्यासमोर हसू नये म्हणून खोकला.

“ही तुझ्यावर नाही गेली, आर्लन.”

“आईवर गेलीये.”

“आणि एक सांगा,” मारिट म्हणाली, “तुमच्या शेडमध्ये सगळ्यात मोठी बोली लागली की तुम्ही ‘विकली’ म्हणता ना? की घरी जाऊन, जेवून, विचार करून सांगता, की बोली लावणाऱ्याला गाईतलं काही कळत नव्हतं, गाय परत आणा?”

खरं सांगू? मला टाळी वाजवावीशी वाटली. पण रुस्टाडने कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “तिथे बोली लावणारा स्वतःच्या खिशातून देतो.”

यावर ती काहीतरी बोलणार होती. पण तो आर्लनकडे वळला होता. आर्लनच्या हाताकडे बघत होता, कोपराच्या आतल्या बाजूला सुया टोचून टोचून ती जी दोरखंडासारखी शीर झालीये ना, तिकडे.

“कॅल्डर्सबर्गला एक खुर्ची रिकामी झालीये.”

कॅल्डर्सबर्ग म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातलं, इथून पंचवीस मिनिटं. तिथल्या डायलिसिसच्या खुर्च्या कायम भरलेल्या असतात. तिथली खुर्ची कशी रिकामी होते हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणाची झाली हे कोणी विचारलं नाही.

“तिथल्या हॉस्पिटलच्या कमिटीवरच्या माणसाला मी फोन केला,” तो म्हणाला. “सोमवारपर्यंत तुझ्या नावाने धरून ठेवलीये.”

“आणि व्हर्ना?” मारिटने विचारलं.

“एकच आहे, पोरी.”

“तिचं नाव त्यांच्याकडे बाबांच्या आधीपासून आहे.”

“असेल. मला आर्लन आठवला.” तो खरंच मनापासून बोलत होता गं, तेच तर. “मला निवडून दिलंत ते कशासाठी? आपल्या माणसांसाठी फोन करायलाच ना? आमची लेकरं लहान असताना बर्फात अडकलो होतो, तेव्हा ट्रॅक्टर घेऊन कोण आलं होतं? अर्जावरच्या सह्या आल्या होत्या की हा आला होता?”

हॉटडिश थंड होत होतं. आर्लन त्या वड्यांच्या ट्रेकडे बघत बसला होता. शहरात जाताना बर्फात गाडी घसरली होती त्या दिवसानंतर तो मारिटला रोज म्हणायचा, मला नको आता हे डायलिसिस, राहू दे सगळं. आणि ती रोज म्हणायची, गप्प बसा, बूट घाला.

रुस्टाड उठला. दाराशी वाकून बूट चढवता चढवता, जणू आत्ताच सुचलं, म्हणाला, “आर्लन, तुझं अंगण रस्त्याला लागून आहे. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिथून जाते. जूनमध्ये निवडणूक आहे. माझ्या प्रचाराचा एक बोर्ड रोवला तर?”

मी मारिटकडे पाहिलं. मारिट बापाकडे बघत होती. आर्लन ‘हो’ म्हणाला नाही. ‘नाही’ही म्हणाला नाही. त्याची हनुवटी खाली गेली, इतकीशी. मला तर वाटलं तो नुसता खाली बघतोय.

रुस्टाडला दिसलं. त्याने परत विचारलं नाही. टोपीला हात लावला आणि गेला.

मारिटचे हात तेव्हाही मांड्यांखालीच होते.

तर आता आर्लन कॅल्डर्सबर्गला जातो. स्वतः गाडी चालवत जातो. चेहऱ्यावर रंग आलाय, रात्रीचा पत्त्यांना माणूस शोधतो. व्हर्ना शहरात एकटी जाते, तिच्या त्या जुन्या गाडीतून. मारिट म्हणाली होती, मी नेत जाईन तुम्हाला. तर व्हर्ना म्हणाली, “बाई, तुला नोकरी नाही का?” खरं तर मारिटनेही परत विचारलं नाही. आणि या वर्षी तोच अर्ज पुन्हा आलाय ना, सह्यांचा, त्याचं पॅड तिच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर पडून आहे. ती म्हणते, कोणाच्या दारात जाऊ? आमच्या अंगणात काय रोवलंय ते सगळ्या गावाने बघितलंय.

परवा मी तिच्याकडे गेले तेव्हा ती पुढचं गवत कापत होती. रुस्टाडच्या बोर्डापर्यंत आली, मशीन बंद केलं आणि बोर्ड उपटला. त्याच्या जमिनीत रोवायच्या दोन्ही तारांना माती चिकटलेली. नुसती उभी राहिली हातात घेऊन. कचऱ्याचा डबा दहा पावलांवर होता. मी पायरीवर बसले होते, म्हटलं, आता टाकते. टाक ना!

तेवढ्यात व्हर्नाची गाडी आली. हळूहळू, रस्त्याच्या मधोमध. शहरातून परत येत असणार, तोंड राखेसारखं झालं होतं. तिने काच खाली केली.

“आर्लन बरा दिसतो आता,” ती म्हणाली. “रविवारी चर्चमध्ये बघितला. गाल भरलेत मेल्याचे.”

“हो,” मारिट म्हणाली.

“या वेळी माझ्याकडे नाही आलीस गं सहीला.”

मारिट बोर्ड पाठीमागे लपवायला गेली, पण तो केवढा मोठा, लपतो कुठे? व्हर्नाने पाहिलं. पाहूनही चेहऱ्यावर काही नाही. म्हणाली, “पहिली सही माझीच घ्यायची हं, मागच्यासारखी.” आणि काच वर करून गेली. गाडी वळणाशी जरा पलीकडच्या बाजूला गेली, परत सरळ झाली.

मारिटने मशीन सुरू केलं. बोर्डाखालचं तेवढं गवत कापलं. मग खाली गुडघ्यांवर बसली, त्याच दोन भोकांत त्याच दोन तारा घातल्या आणि तळहाताने वरून दाबल्या. उठली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. जरा तिरका झाला होता. सरळ केला.

घरातून आर्लनच्या शिट्टीचा आवाज येत होता, शिट्टी वाजवत जेवणाची भांडी मांडत होता.

तू बोल ना आता. तुझा बाप असता त्या खुर्चीत, तर बोर्ड कुठे ठेवला असतास तू?