गालिच्याच्या दुकानात गेलेले कागद

मी एक जुने फॅक्स मशीन आहे, मित्रांनो. केंटकीच्या डोंगरातल्या एका तुरुंगात, दवाखान्याच्या कोपऱ्यात मला एकोणीस वर्षे झाली. जगाने मला भंगारात काढले, पण इथल्या शहाण्यांचे माझ्यावाचून पान हलत नाही.

माझे काम साधे आहे. अफूच्या जातीच्या गोळ्यांचे व्यसन लागलेल्यांना इथे नर्स ओलेटाबाई रोज सकाळी जिभेखाली औषध देतात. मग ती माणसे जेवू लागतात, हसू लागतात. सुटकेच्या दिवशी त्यांचा कागद मी बाहेरच्या दवाखान्यात पाठवायचा, म्हणजे औषधात खंड पडत नाही. खंड पडला तर माणूस पुन्हा जुन्या गोळ्यांकडे वळतो, आणि आता त्याच्या शरीराला त्या सोसत नाहीत. कागद गेला की मी पोचपावती छापते. ती फायलीत लागली की ऑफिस समाधानाने डोनट खाते.

दोन वर्षांपूर्वी त्या बाहेरच्या दवाखान्याचा फॅक्सचा नंबर बदलला. जुना नंबर एका गालिच्याच्या दुकानाच्या फॅक्सला मिळाला. माझ्यावर चिकटवलेली नंबराची पट्टी मात्र तीच राहिली. दुकानदाराने दोनदा फोन केला, तेव्हा शिपाई मर्लने 'राँग नंबर' म्हणून खाली ठेवला. पावतीवर दुकानाचे नाव ठळक छापून येते. वाचण्याइतके कष्ट कोण घेणार?

मागच्या शुक्रवारी डार्विन स्टिडम सुटला. खाणीत पाठ मोडलेला हा गडी सात महिने औषधावर टिकला होता.

"ताई, उद्या त्या दवाखान्यात माझं नाव असेल ना?" त्याने ओलेटाबाईंना विचारले.

"नावाचं काय घेऊन बसलास?" मर्ल हसला. "सोमवारी इथंच येशील. गादी गरम ठेवतो तुझी."

"गप रे मर्ल. डार्विन, कागद गेलाय. ही बघ पावती."

डार्विनने ती वाचली. "ताई, हे तर गालिच्याचं दुकान. आईनं तिथूनच पायपुसणं घेतलंय."

"फायलीत लावा ना," मर्ल म्हणाला. "पावती आहे, झालं की."

ओलेटाबाईंनी दोन वर्षांत पहिल्यांदा दवाखान्याला फोन लावला. बंद व्हायला दहा मिनिटे होती. डार्विनला शनिवार सकाळची वेळ मिळाली.

मग त्यांनी फाईल उघडली. एकेचाळीस पावत्या, सगळ्या त्याच दुकानाच्या. सहा नावांवर त्यांचे बोट थांबले. ते सहा जण सुटल्यावर पंधरवड्याच्या आत मेले होते. प्रत्येकाच्या घरी ओलेटाबाई दुखवट्याला जेवण घेऊन गेल्या होत्या, आणि आम्ही आमच्याकडून सगळं केलं, असे त्यांच्या आयांना सांगून आल्या होत्या.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या, असे शेवटी सांगायची रीत आहे. माझी घेऊ नका. मी ठणठणीत आहे. कागद गेल्यावर माणूस तिथे पोचला का, एवढे फोन करून विचारा.