डावीकडे झुकलेली सीट

बायको तानाबाई गेली आणि पाचव्या महिन्यात बापूजींनी मोटरसायकल विकली. विकली तीही आपल्या भागातल्या रीतीनं: स्टँपपेपरवर सही, फॉर्मवर सही, वरून चहा, आणि "नावाचं पाहू मंग सावकाश." तीस वर्षं कापसाच्या बाजारात मापारी म्हणून काढलेला माणूस. काट्यावर पावशेर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, पण गाडीचं नाव बदललं का, हे बघायला काही गेला नाही. घेणारा यवतमाळचा जफर, फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. तोही गेला नाही.

त्यामुळे झालं असं, की यवतमाळच्या चौकातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा जफरचा, आणि मेसेज यायचा कळंबला बापूजींच्या मोबाइलवर.

पहिला आला तेव्हा त्यांना वाटलं, कोणी लुबाडायला बसलंय. लिंकला हात न लावता ते बसस्टँडजवळच्या ऑनलाइनवाल्याकडे गेले. त्यानं सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला. चालान खरंच निघालं. चौक, तारीख, वेळ, मागे बसणाऱ्याला हेल्मेट नाही, आणि खाली फोटो. मागून काढलेला. समोर जफरची पाठ, मागे त्याची बायको असावी.

"थोडा मोठा कर बरं," बापूजी म्हणाले.

बाई डावीकडे झुकलेली होती. थोडीशीच, दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. पण ज्यानं जन्मभर काट्याचा झोक पाहिला, त्याला कसं नाही दिसणार? तेरा वर्षं तानाबाई त्या सीटवर एकाच बाजूला पाय सोडून बसली होती. यवतमाळच्या बाजाराला, सोयऱ्यांच्या लग्नांना, शेवटी शेवटी दवाखान्यात. वजनानंही काही हलकी नव्हती. सीट डावीकडे कायमची दबली. आता तिथं कोणीही बसलं, तरी तिच्यासारखंच झुकणार.

बापूजींनी जफरला फोन केला नाही. आज करू, उद्या करू म्हणत सहा महिन्यांत चार चालानं झाली. तेवढ्या दिवसांत मुलीचे फोन आले, त्यापेक्षा एक जास्त.

मेसेज नाही आला, तर ते स्वतःच शनिवारी ऑनलाइनवाल्याकडे जात. "काका, लोकं चालान येऊ नये म्हणून देव पाण्यात घालतात," तो म्हणायचा, "अन् तुमी वाट पाहून राह्यले!"

"तू नंबर टाक ना बापा."

दिवाळीत मुलगी निशिगंधा पुण्याहून आली, तिनं मोबाइल चाळला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, उद्या त्यानं कोणाला उडवलं, तर पोलीस आपल्या दारात येतील! गाडी अजून तुमच्याच नावावर आहे." तिनंच जफरला फोन लावला, सोमवार ठरवला आणि रविवारी ती पुण्याला गेलीसुद्धा.

सोमवारी बापूजी एसटीनं यवतमाळला गेले. घरापुढेच जफरचं दुकान.

"चार चालानं?" जफरच्या हातातला पाना खाली आला. "मले तर एक मेसेज नाही! मी म्हणलं, कॅमेरे बंदच हायेत."

"तुले कसा येईन? नंबर माहा हाये."

"मंग सांगाचं ना राजेहो! काहून नाही सांगतलं?"

बापूजी पंपाच्या नळ्या बघत बसले.

जफर मनाचा साफ. चारही चालानं त्यानं जागेवर भरली आणि फॉर्म उघडला. "तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईन काका. तो सांगा. झालं काम."

खिशात मोबाइल थरथरला. बापूजींनी काढला, सहा आकडे पाहिले, परत खिशात ठेवला.

"नाही आला."

दुसऱ्यांदाही नाही आला. तिसऱ्यांदा जफरची बायको उमेरा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "इथं नेटवर्कच नसते काका. कायले वाट पाहता? घरी पोचल्यावर सांगजा."

जफर त्यांना बसस्टँडवर सोडायला निघाला. "एकच हेल्मेट हाये काका. मांगच्या गल्लीनं घेतो."

"नाही. चौकातूनच घे."

"कॅमेरा हाये ना तिथं!"

"असू दे. हे चालान माह्या खात्यावर."

बापूजी स्वतःच्या गाडीवर मागे कधी बसलेच नव्हते. धोतर सावरून ते डावीकडे पाय सोडून बसले, आणि सीटनं त्यांना हळूच तिकडे ओढलं. हातानं धरायला सीटखाली एक कडी होती. ती इतकी गुळगुळीत झाली होती, हे त्यांना आजच कळलं. सिग्नलला जफरनं मान खाली घातली. बापूजींनी टोपी नीट केली.

नऊ दिवस काही आलं नाही. त्या नऊ दिवसांत त्यांनी एकदाही जफरचा फोन उचलला नाही. दहाव्या दिवशी मेसेज आला. ऑनलाइनवाल्यानं फोटो उघडला, बापूजी पडद्याशी वाकले. समोर जफरची पाठ, मागे पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा. झोक तेवढाच. रतीभर इकडे नाही, तिकडे नाही.

"हे कोण हो काका, बिनाहेल्मेटचं?"

"चालान भर. अन् याची रंगीत प्रिंट काढ."

प्रिंट घडी न करता पिशवीत ठेवून बापूजी घरी आले. दार उघडलं, दिवा लावला आणि जफरला फोन केला.

"लाव फॉर्म."

"नेटवर्क आलं का काका?"

"आलं."

मग ओटीपी आला. बाजारात वजन पुकारायचे तसे, रिकाम्या घरात, मोठ्यानं, त्यांनी एकेक आकडा सांगितला.