मागचं पान

नाताळनंतरच्या रविवारी नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीच्या वाचनालयात परीक्षा असते. मुलांची नव्हे, मोठ्यांची. घरटी दोघांनी बसायचं, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. तीस गुण सामान्यज्ञानाला, वीस गुण उताऱ्यावरच्या प्रश्नांना. वेळ संपली की चहा यायच्या आत पेपर काढणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहून उत्तरं वाचून दाखवायची. गेली सोळा वर्षं पेपर मार्सेल काढत होता.

मार्सेल मास्तर नव्हता. मुंबईतल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रूफं तपासून निवृत्त झालेला माणूस. वाडीत कोणाकडे लग्नपत्रिका छापायची असली की ती आधी त्याच्या टेबलावर यायची. त्याच्या पेपरात एक खोडी ठरलेली असे. मागच्या पानावर अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ: 'ज्यांनी हे वाचले त्यांनी फक्त पहिले पाच प्रश्न सोडवावेत, पूर्ण गुण मिळतील.' पहिल्या वर्षी ती कोणीही वाचली नाही. सगळे घाम पुसत पन्नास मिनिटं लिहीत बसले, आणि उत्तरं वाचताना मार्सेलने ती ओळ वाचून दाखवली तेव्हा खोलीत आरडाओरडा झाला.

"वाचता येतं सगळ्यांना," तो हसत म्हणाला होता. "शेवटपर्यंत कोण वाचतो?"

पुढे ओळ कधी असायची, कधी नसायची. पण पेपर हातात पडला की आधी मागचं पान उलटायचं ही सवय सगळ्यांना लागली. लोक त्यावरून त्याची थट्टाही करायचे. सर्वांत जास्त त्याची बायको करायची. कॅथरिन दर वर्षी धाकट्या बहिणीबरोबर, इनेझबरोबर, जोडीने बसायची. कॅथरिन वाचायची, इनेझ लिहायची. "नवऱ्याचा पेपर आहे म्हणून मला कोणी प्रश्न आधी सांगत नाही हं," ती भर खोलीत सांगायची. "घरात पेपर काढायला बसला की मला चहाचा कप दाराबाहेर ठेवावा लागतो."

कॅथरिन जाऊन अकरा महिने झाले होते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सहाव्या दिवशी घरी सोडलं. निघताना नर्सने मार्सेलच्या हातात कागद दिला. पुढच्या बाजूला गोळ्यांची नावं आणि वेळा, पुन्हा दाखवायची तारीख. मार्सेलने त्या वेळा एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात उतरवून पलंगापाशी टांगल्या. कॅथरिनचा चष्मा पिशवीत तळाला गेला होता. रिक्षातच तिने विचारलं, "सगळं वाचलंस ना?"

"वाचलं," तो म्हणाला.

पाच-सहा दिवसांनी तिची पोटरी सुजली, दुखायला लागली. इनेझ रोज दुपारी यायचीच. इनेझच्या हाताला वाडीत मान होता. कोणाकडेही बाळ जन्मलं की चाळीस दिवस त्याला चोळून न्हाऊ घालायला इनेझला बोलावणं जायचं. तिने बहिणीचा पाय मांडीवर घेतला. मार्सेलने खोबरेल तेलात लसूण टाकून वाटी गरम करून आणून दिली. तीन दुपारी तिने पाय चोळला. चौथ्या दिवशी सकाळी कॅथरिन खुर्चीत उठून बसली, म्हणाली, "मला श्वास लागतोय," आणि गाडी येईपर्यंत ती गेली. पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले.

दफनाच्या दिवशी कोणीतरी, वाईट हेतू नसेल, पण म्हणून गेलं: "चोळल्यामुळेच सुटली असेल गाठ." आणखी दोघातिघांनी तेच म्हटलं. इनेझ तिथेच उभी होती.

चर्चमध्ये आठव्या दिवसाची मिस्सा झाली त्या दुपारी मार्सेल मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद शोधत होता. हॉस्पिटलचा तो कागद हातात आला आणि त्याने तो उलटला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात, चांगल्या मराठीत, छापलेलं होतं. त्याने ते प्रूफ वाचावं तसं एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं. मग कागदाची चार घड्यांची घडी केली आणि कॅथरिनच्या शिलाई मशीनच्या खणात टाकली.

तेव्हापासून इनेझने कोणाच्या बाळाला हात लावला नव्हता. विचारलं की म्हणायची, मनगट दुखतं. मार्सेलला ठाऊक होतं मनगटाला काही झालेलं नाही. ती त्याच्याकडेही येईनाशी झाली. रविवारी मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर दिसली तर खाली बघून म्हणायची, "जेवता ना वेळेवर, भाऊजी?" आणि निघून जायची. आपण एका वाक्यात हिचं ओझं उतरवू शकतो, हे त्याला दर रविवारी कळायचं. दर रविवारी तो म्हणायचा, "जेवतो."

डिसेंबरात वाचनालयाचा ऑस्कर पेपर मागायला आला. ऑस्कर परवाच आजोबा झाला होता.

"काका, यंदा जमेल ना? नाहीतर आपण गाणीबिणी ठेवू."

"जमेल."

"आणि इनेझमावशीला तुम्ही सांगा बसायला. आमच्या बाळाला चोळायला नाही म्हणाली. सून तर रडायलाच लागली, आपल्यावर का रागावली मावशी म्हणून."

त्या आठवड्यात मार्सेलने पेपर काढला. पालघर जिल्हा कोणत्या वर्षी झाला? पपई, अननस, काजू आणि फणस, यांतलं कोणतं झाड पोर्तुगीजांनी आणलेलं नाही? सोपाऱ्याला सापडलेला शिलालेख कोणत्या सम्राटाचा? हे हाताला सवयीने आलं. मग उतारा. त्याने खणातला कागद काढला आणि त्याची मागची बाजू जशीच्या तशी उतरवली.

तोंडाने बोलायचं धाडस त्याला झालं नव्हतं, म्हणून त्याने पेपरातून सांगायचं ठरवलं. उताऱ्याखाली चार प्रश्न घातले, प्रत्येकी पाच गुणांचे. चौथा होता: 'ही सूचना घरातल्या कोणी वाचायला हवी होती?' इनेझ हुशार आहे, तिथे तिला कळेल, असं त्याला वाटलं. कोणी काही बोलायची गरज पडणार नाही.

"हॉस्पिटलचा उतारा?" झेरॉक्स काढून आणल्यावर ऑस्कर म्हणाला. "चांगलं आहे, लोकांच्या उपयोगाचं."

रविवारी सव्वीस जोड्या बसल्या. इनेझ आली, ऑस्करने ओढून आणली म्हणून. मागच्या बाकावर भिंतीकडेला एकटी बसली. शेजारची कॅथरिनची जागा रिकामी ठेवून तिथे तिने चष्म्याची डबी ठेवली. पेपर वाटले गेले आणि एकदम खसखस आवाज झाला. सोळा वर्षांची सवय. सगळ्यांनी आधी मागचं पान उलटलं.

उतारा मागच्या पानावरच होता.

'रुग्णाच्या पोटरीला सूज आल्यास किंवा ती दुखू लागल्यास पाय चोळू नये, शेकू नये. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात यावे. उशीर झाल्यास जिवाला धोका होऊ शकतो.'

प्रश्न पहिला: 'पोटरीला सूज आल्यास काय करू नये?'

मार्सेल टेबलाशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. तिचं बोट ओळीवरून सरकत पहिल्या प्रश्नापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. चौथ्यापर्यंत गेलंच नाही. तिचा चेहरा बदललेला त्याने पाहिला तेव्हा त्याला कळलं की आपण काय करून बसलो. उतारा एकच होता. त्याने तो आपला कबुलीजबाब म्हणून लिहिला होता. तिने तो आरोप म्हणून वाचला.

इनेझने चष्मा काढून बाकावर ठेवला, पेन खाली ठेवलं, पेपर तसाच सोडला आणि ती बाजूच्या दाराने बाहेर गेली.

"ऑस्कर, बघ जरा इथे," एवढं बोलून मार्सेल तिच्या मागे गेला.

वाचनालयाच्या मागे केळीची बाग आहे आणि तिच्या कडेने पाण्याचा पाट. इनेझ पाटाच्या काठावर उभी होती. रडत नव्हती.

"भाऊजी, एवढं करायची काय गरज होती?" ती म्हणाली. "घरी येऊन तोंडावर बोलला असतात, मी ऐकून घेतलं असतं. मला ठाऊक आहे मी काय केलं ते. माणसांत बसवून लिहायला लावता? काय करू नये म्हणून?"

"इनेझ, तू पुढचं वाचलं नाहीस. चौथा प्रश्न..."

"मला नाही वाचायचा तुमचा चौथा प्रश्न!"

"तो कागद माझ्याकडे होता," मार्सेल म्हणाला. "हॉस्पिटलमधून निघाल्यापासून. मागच्या बाजूला लिहिलं होतं. मी मागची बाजू वाचली नाही. तिने रिक्षात विचारलं, सगळं वाचलंस ना. मी हो म्हणालो."

इनेझ त्याच्याकडे वळली.

"तू पाय चोळत होतीस तेव्हा मीच तेल गरम करून देत होतो. मी तो कागद उलटला असता तर पहिल्याच दुपारी तिला घेऊन गेलो असतो. तुझा यात काही दोष नाही. तुला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं."



"कधी वाचलात?" तिने विचारलं.

"आठव्या दिवशी. मिस्सा झाली त्या दुपारी."

"त्या दुपारी मी तुमच्याच घरी होते. पाहुण्यांची भांडी घासत होते मागच्या दारी."

"हो."

"तुम्ही बाहेर आलात. मला म्हणालात, इनेझ, राहू दे, थकली असशील."

"हो."

"तेव्हा वाचून आला होतात?"

मार्सेलने मान डोलावली. 

"अकरा महिने," इनेझ म्हणाली. "अकरा महिने मी माझे हात बघते, भाऊजी. भाकरी थापताना बघते. ऑस्करकडचं बाळ वीस दिवसांचं झालं, मी पाळण्यात वाकून बघितलं नाही. तुम्ही दर रविवारी माझ्यासमोर उभे राहायचात."

"इनेझ, मला..."

"नको. माफीबिफी नको आता. माझ्या तोंडातून काही वेडंवाकडं जाईल." तिने पदराने तोंड पुसलं. "मला इथे केळीत उभं करून सांगितलंत, ते बरं केलंत. पण ते दफनाच्या दिवशी जे बोलले, ते सगळे आत बसलेत."

"मी सांगतो."

"जा मग. उत्तरं वाचायची वेळ झालीच असेल."

"तू येतेस?"

"माझा चष्मा राहिलाय आत," ती म्हणाली.

ती त्याच्या मागून आली. आपल्या जागेवर बसली, चष्मा लावला आणि पेपर पुढे ओढला. ऑस्करने घंटी वाजवायला अजून चार-पाच मिनिटं होती.

मग मार्सेलने उत्तरं वाचायला घेतली. दोन हजार चौदा. फणस. सम्राट अशोक. फणसाला दोघातिघांनी हुज्जत घातली, कोणीतरी म्हणालं, "काका, अननस तर आपल्या बागेत होता आजोबांच्या वेळी!" आणि हशा झाला. उताऱ्यापाशी आल्यावर त्याने चष्मा काढला. तिथे वाचायचं काही नव्हतं.

"चौथा प्रश्न. ही सूचना घरातल्या कोणी वाचायला हवी होती?" तो म्हणाला. "हा कागद माझ्या घरचा आहे. कॅथरिनच्या ऑपरेशनचा. तिला घरी आणलं तेव्हा तो माझ्या खिशात होता. मी पुढची बाजू वाचली, मागची वाचली नाही, आणि वाचली म्हणून तिला खोटं सांगितलं. इनेझने पाय चोळला तो तिला माहीत नव्हतं म्हणून. माहीत करून द्यायचं होतं मी. नंतर आठ दिवसांत मला कळलं, ते मी लपवलं. तुम्ही इनेझला बोललात, मी बोलू दिलं. उत्तर एवढंच आहे."

पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने क्रूसाची खूण केली. चहाची किटली घेऊन दारात आलेला माणूस तसाच उभा राहिला. मार्सेलला वाटलं होतं, बोलून टाकलं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. फक्त आता सगळ्यांना माहीत होतं.

माणसं चहा न घेताच पांगायला लागली. दाराशी ऑस्कर इनेझला अडवून हळूच म्हणाला, "मावशी, उद्या सकाळी येशील? तेल-पाणी तयार ठेवायला सांगतो सुनेला."

"आधी त्यांच्या डॉक्टरला विचारा, चोळलं तर चालेल का," ती म्हणाली. "आणि काय म्हणतो ते मला नीट सांगा. मग बघते." मार्सेल चार पावलांवर उभा होता. ती त्याच्याशी न बोलता गेली.

खोली रिकामी झाल्यावर मार्सेलने पेपर गोळा केले आणि तिथेच तपासायला बसला, कारण निकाल संध्याकाळी लावायचा असतो. बहुतेकांनी चौथ्याला लिहिलं होतं, 'रुग्णाजवळ राहणाऱ्या व्यक्तीने.' त्याने सगळ्यांना पाचपैकी पाच दिले.

इनेझचा पेपर सर्वांत खाली होता. सामान्यज्ञानाचं एकही उत्तर नाही. पहिल्या प्रश्नाची जागा कोरी, दुसऱ्याची कोरी, तिसऱ्याची कोरी. चौथ्यापुढे, पेन दाबून लिहिल्यामुळे कागद जरा फाटला होता, तिने एकच शब्द लिहिला होता: 'मार्सेलने.' भाऊजी नाही. त्यापुढे आणखी दोन शब्द लिहून खोडले होते. उजेडाकडे धरून ते वाचता आले असते. खोडलेलं वाचण्यातच त्याचा जन्म गेला होता.

त्याने ते वाचले नाहीत. समासात पाच लिहिले आणि पेपर गठ्ठ्यात ठेवला.