ढोलवाल्यांचे कोट

चाळीस वर्षं मी शाळांचे गणवेश शिवले. निळ्या कोटाला पांढरी कॉलर ठरली की चारशेच्या चारशे कोटांना पांढरीच लागते, एकालाही पिवळी चालत नाही. त्यामुळे कपड्यांच्या रंगाबद्दल कोणी मला शहाणपण शिकवू लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोळ झाला तो माझ्या ह्याच तोऱ्यामुळे झाला.

आमचे हे जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. नोकरीभर डोक्यात एकच खूळ, निवृत्त झालो की एक युद्ध मांडायचं. अठराव्या शतकातलं, गादीच्या वारसावरून दोन राजांमध्ये पेटलेलं. दोन पेरांएवढे धातूचे सैनिक, दोन्हीकडची सैन्यं, आणि जेवणाच्या टेबलावर डोंगर, नदी, सगळं. एक सैनिक म्हणजे वीस माणसं असं ह्यांचं प्रमाण, म्हणजे सहाशेची पलटण तीस सैनिकांत बसायची. कुठली पलटण कुठे उभी राहणार, तिचे कोट कुठले, कफ कुठले, ह्याची चौकटीच्या वहीत आखणी चाललेली असायची. मी म्हणायचे, आधी न्हाणीतला नळ गळतोय तो बघा, मग राजांची भांडणं सोडवा. हे म्हणायचे, "अगं, नळ कुठे पळून जातोय?" की झाली सुरुवात. एकेचाळीस वर्षांच्या संसारात भांडल्याशिवाय आमचा सकाळचा चहा घशाखाली उतरला नाही.

निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हात पुढे थोडा सुधारला, कप धरण्यापुरता. शब्द मात्र एकेकटे यायचे आणि तेही भलतेच. पाणी हवं असलं की "चष्मा" म्हणायचे. मी चष्मा नेऊन द्यायचे, मग हे कपाळाला हात लावायचे. लेकीला एकदा "ताई" म्हणाले. ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, जाऊन बारा वर्षं झाली. लेक तडक न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. ह्यांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा येतात, त्या सांगायच्या की शब्दांची अदलाबदल होते आहे, आतला माणूस शाबूत आहे. आम्ही दोघी मान डोलवायचो, पण खरं सांगते, विश्वास एकीचाही नव्हता.

लेकीने एक संस्था बघून ठेवली होती. खोलीला मोठी खिडकी, खाली बाग, दिवसरात्र नर्स. तिचं काही चुकत नव्हतं. माझे गुडघे कामातून गेलेले, ह्यांना उठवता बसवता एक दिवस मीच आपटले असते. मी तिला एवढंच सांगितलं होतं की ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे तोवर हे घरातून हलणार नाहीत. आपण कुठे आहोत हे ज्याला कळतंय त्याला परक्या खोलीत नेऊन ठेवणं माझ्याने व्हायचं नाही. पण कळतच नसेल, तर मग कुठे अडून बसणार? ती म्हणाली, "आई, ते तू कसं ठरवणार?"

सैन्याचं खोकं माळ्यावरून काढलं ते बाईंच्या सांगण्यावरून. आवडीचं काहीतरी हाती द्या, म्हणाल्या. मी ते टेबलावर आदळलं आणि म्हटलं, घ्या तुमचे राजे. ह्यांनी डाव्या हाताने वही पुढे सुरू केली. रेघा वाकड्यातिकड्या, पण प्रत्येक पलटणीची ओळ रंगीत पेन्सिलीने भरलेली. पहिला चौकोन कोटाचा, दुसरा कॉलर-कफाचा, तिसरा विजारीचा. ब्रश धरणं त्यांना जमेना, तेव्हा तो मी घेतला. हे आखणार आणि मी रंगवणार, असं आपोआपच ठरून गेलं.

आता कामाला बसायचं तर माझ्या पद्धतीने. एकेक सैनिक पुरा करत बसणं हा शुद्ध वेडेपणा. आधी सगळ्यांना अस्तराचा, म्हणजे खालच्या थराचा रंग, मग सगळे कोट, मग सगळ्या कॉलरी, मग कफ, मग बटणं, अगदी गणवेश शिवल्यासारखं. दीड महिन्यात सहा पलटणी उभ्या राहिल्या. लाल कोट पिवळे कफ, निळे कोट लाल कफ, पांढरे कोट हिरवे कफ, अशा. पहिल्या आठवड्यात मी चरफडत होते, दुसऱ्या आठवड्यात भाजी गॅसवर ठेवून बटणं रंगवत होते. भाजी करपली. ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि माझ्याकडे बघून एक भुवई उडवली. ती भुवई मी ओळखते.

ढोलवाले मी शेवटाला ठेवले होते, पलटणीमागे दोन. त्यांची घडण निराळी, म्हणून सगळे एकदम उरकायचे. बुधवारी वही उघडली आणि त्यांच्या ओळीवर आले. बघते तर लाल पलटणीच्या ढोलवाल्याचा कोट पिवळा आणि कफ लाल! निळ्या पलटणीच्या ढोलवाल्याचा कोट लाल आणि कफ निळे. पांढऱ्यांचा कोट हिरवा. एखादी ओळ चुकली म्हणावी तर तसंही नाही, सहाच्या सहा ओळी उलट्या. पाण्याला चष्मा म्हणतात तसंच कोटाला कफ आणि कफाला कोट झालं होतं. दीड महिना मला वाटत होतं की चौकटीच्या वहीत तरी माझा नवरा जिथल्या तिथे आहे.

हे तेव्हा समोरच आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मी त्यांना विचारायला हवं होतं. एरवी एक काज वाकडं दिसलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई मी, पण तेव्हा तोंड उघडलं नाही. वाटलं, कशाला दाखवून द्यायचं? बिचाऱ्यांना वाईट वाटेल. ज्यांच्याशी एकेचाळीस वर्षं रोज भांडले त्यांना मी मनातल्या मनात बिचारे म्हटलं. माझं सगळ्यात मोठं काय चुकलं असेल तर ते हे.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. हे आरामखुर्चीत झोपलेत असं समजून मी दाराशी उभी राहून हळू आवाजात सांगितलं की बाबांचं आता वहीतसुद्धा उलटंसुलटं व्हायला लागलंय. रविवारी ये, संस्थेचा फॉर्म घेऊन ये. ती "बरं" म्हणाली. फोन ठेवून मी पोळ्या लाटायला घेतल्या, एकही गोल झाली नाही.

गुरुवार-शुक्रवार, हे दुपारी झोपले की मी ढोलवाले रंगवले. माझ्या मते 'दुरुस्त' करून. लाल पलटणीला लाल कोट, निळ्या पलटणीला निळा कोट. बाराही जण कसे टापटीप दिसत होते, शाळेच्या फोटोत उभे करावेत असे. कामावर समाधानी होते आणि मनातून मेल्याहून मेल्यासारखी झाले होते.

शनिवारी सकाळी टेबल पुसून मी सहाही पलटणी मांडल्या. ह्यांना धरून आणून खुर्चीत बसवलं. वाटलं, जायच्या आधी एकदा डोळे भरून बघू दे. हे बघत गेले, हसत गेले. लाल पलटणीपाशी आले आणि हसू थांबलं. एक ढोलवाला उचलला. दुसरा उचलला. मग निळ्यांचा. चेहरा लालबुंद झाला, डावा हात टेबलावर आपटला, चार सैनिक आडवे झाले.

"अगं," म्हणाले. "अगं, नाही!"

झटका आल्यापासून हे मला "अगं" म्हणाले नव्हते. पण मी कसली ऐकते. मी समजुतीच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलले की अहो, वहीत जरा चुकून उलटं झालं होतं, मी नीट केलंय, तुम्ही त्रास करून घेऊ नका. ह्यांनी माझ्याकडे जे पाहिलं! कचेरीत कोणी शेताची हद्द चुकवली की असंच बघत असणार. मग हे कपाटाकडे बोट दाखवत बसले. औषधं दिली, नको. टॉवेल दिला, नको. शेवटी इंजेक्शनसाठी आणलेला कापूस दिला तेव्हा मान हलवली.

डाव्या हाताने कापसाचे पुंजके ओढून ह्यांनी ते लाल पलटणीवर पसरले. पुढे, मागे, मधेमधे. हळूहळू तीस सैनिकांच्या नुसत्या टोप्या, कुठे एखादा लाल खांदा, एवढंच दिसू लागलं. मग हे मागे टेकले आणि मला म्हणाले,

"शोध."

काय शोधू म्हणून विचारलं तर बोटांनी टेबलावर टकटक वाजवून दाखवलं. ढोल. मी वाकून बघितलं. कापसाच्या आड सगळं लालच लाल. एक खांदा ढोलवाल्याचा वाटला, कापूस उचलून बघते तर साधा शिपाई. दुसरा उचलला, तोही शिपाई. चारशे कोटांतून एक तुटकं बटण हेरणारी मी, मला माझ्याच हाताने रंगवलेला ढोलवाला सापडेना. ह्यांनी माझ्या टाचण्यांच्या उशीतली पिवळ्या डोक्याची एक टाचणी काढली, जरा चाचपलं आणि कापसात एका जागी टोचली. दारातून आत आलेल्या माणसालासुद्धा पहिली तीच दिसली असती.

"धूर," ह्यांनी कापसावर हात ठेवला. मग टाचणीवर बोट ठेवून, मोठ्या कष्टाने एकेक शब्द वर काढत म्हणाले, "ढोल. हुकूम."

आणि मला लख्ख कळलं. सहाशे बंदुका एकदम उडाल्या की नुसता धूर. सेनापतीचा आवाज कोणाला ऐकू येणार? हुकूम द्यायचा तो ढोलावरून, आणि त्यासाठी ढोलवाला तिथल्या तिथे सापडायला हवा. म्हणून पलटणीच्या कोटाचा रंग त्याच्या कफाला आणि कफाचा त्याच्या कोटाला. सहाच्या सहा ओळी बरोबर होत्या, वाकड्या रेघांसकट. गणवेशात सगळे सारखेच असायला हवेत हा हट्ट माझा होता.

आता लपवून काय उपयोग होता? म्हटलं, "अहो, मला वाटलं तुमचं डोकं गेलं. मी पोरीला हो म्हटलंय. उद्या ती फॉर्म घेऊन येतेय."

ह्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऐकलं," म्हणाले.

ना चष्मा, ना ताई. नेमका तो शब्द. बुधवारी मी दाराशी कुजबुजत होते तेव्हा हे डोळे मिटून, जागे राहून सगळं ऐकत होते. आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याबरोबर बसून तोफांच्या ओळी भरत होते. मला इतकी लाज वाटली, इतका राग आला, की मी ओरडलेच, "मग बोलला का नाहीत?"

ह्यांनी डाव्या हाताचं बोट उचलून स्वतःच्या तोंडाकडे दाखवलं आणि ती भुवई उडवली. मला हसू फुटलं. ह्यांनाही फुटलं. हसता हसता ह्यांना ठसका लागला, मी पाठ चोळत रडत होते, आणि दोघांच्या मधे लाल पलटण कापसात बुडलेली. डोळे पुसून झाल्यावर ह्यांनी ब्रश माझ्याकडे सरकवला. पिवळ्या रंगाच्या बाटलीचं झाकण मी उघडलं.

रविवारी लेक आली तेव्हा आमचं जुंपलेलं होतं. घोड्यांच्या खोगिराखालचं कापड निळं हवं असं ह्यांचं म्हणणं, आणि निळ्या कोटाखाली निळं कापड उठून दिसायचं नाही असं माझं. मी म्हणत होते, रंगातलं तुम्हाला काय कळतं. हे म्हणत होते, "अगं, नाही. नाही." तिला म्हणे आमचा आवाज खाली जिन्यात ऐकू आला आणि ती पायरीवरच थांबली होती. आत आली तेव्हा तिच्या हातात पाकीट होतं आणि डोळे भरलेले.

मी तिला काही समजावून सांगितलं नाही. शनिवारी बाकीचे अकरा ढोलवाले वहीप्रमाणे पुन्हा रंगवून झाले होते, माझ्या चुकीच्या रंगातला आता एकच उरला होता, लाल पलटणीतला, कापसाखालचा. ह्यांनी तिला खुर्ची दाखवली, कापसावर टकटक केलं आणि म्हणाले, "ताई, शोध."

तिचा चेहरा पडला. पण त्याच क्षणी ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला, मान हलवली, आणि चार-पाच वेळा तोंड उघडून मिटून अखेर म्हणाले, "लेक."

शब्द चुकला होता, तो चुकल्याचं ह्यांना कळलं होतं आणि ह्यांनी तो आपणहून बदलला होता. मग ती कापसावर वाकली. तिलाही सापडेना. पाच मिनिटांनी तिने पाकीट उघडलं, फॉर्म काढला, तो पाठकोरा आहे हे बघितलं आणि ब्रश पुसायला माझ्यासमोर ठेवला. माझ्या गुडघ्यांसाठी सकाळ-संध्याकाळ मदतीला माणूस आपण बघू, एवढंच म्हणाली आणि बाह्या सरसावून बसली. तो शेवटचा ढोलवाला मीच रंगवणार, म्हणाली.

तिचा हात मेला अगदी बापाच्या वळणाचा, रंगाला घाबरत नाही. पण कोटाचा पिवळा रंग लाल कॉलरीवर असा काही ओघळवला की मी आणि हे एकाच वेळी बोलायला लागलो.