चढावरचे अठ्ठेचाळीस सेकंद

आमची व्हॅन माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे आणि घरात माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त होतात. आमच्या लाँड्रीतले कपडे तीच पोचवते. पण टेकडीवरच्या हॉस्पिटलचा चढ तिला झेपेनासा झाला होता. इतकी रडतखडत चढायची की मागच्या सायकलवाल्याने वैतागून घंटी वाजवावी.

म्हणून मामाने एक कडं आणलं. बांगडीएवढं, आत पंख्यासारखी पाती. इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीत ते बसवायचं, म्हणजे हवा गरगरत आत जाते आणि जुन्या गाडीत जीव येतो म्हणे. मामा अकरा वर्षं मिक्सर-पंखे दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला होता. आता ती नोकरी सोडून त्याला ही कडी विकायची होती.

"आधी चाचणी घेऊ," मी म्हणाले. यंदा विज्ञान मेळाव्यात अख्ख्या शाळेसमोर माईकवर बोलल्यापासून मी कुठेही मध्ये बोलते आणि गंमत म्हणजे लोक ऐकतातही.

"घ्या प्रोफेसरबाई. त्यासाठीच आलोय," मामा म्हणाला. "भावजी, किल्ली द्या."

"देतो," बाबा म्हणाले, "पण शेवटी स्क्रू उरले तर आधी तुझे खिसे तपासणार."

शनिवारी चादरींची अठरा गाठोडी भरली. बाबा चालवायला, मामा शेजारी, मी मागे गाठोड्यांवर घड्याळ घेऊन. पायथ्याच्या पेट्रोल पंपापासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत चार मिनिटं दहा सेकंद.

घरी येऊन सीट उचलली. त्याखालीच इंजिन आहे. नळी सोडवायची तर आधी हवेचा फिल्टर काढावा लागतो. तो बाहेर आला तेव्हा आम्ही तिघंही बघतच राहिलो. गावभरच्या चादरी-टॉवेलांचा झडलेला कापूस त्यात गच्च बसला होता.

"यात एक उशी होईल," बाबा म्हणाले.

मामाने तो पायरीवर चांगला बडवला, फुंकला, जागेवर ठेवला. मग कडं बसवलं. तीच गाठोडी, तेच बाबा, तोच चढ. तीन मिनिटं बावीस सेकंद.

"अठ्ठेचाळीस सेकंद वाचले! कडं पास!" मी मागून ओरडले. मामाने माझ्या डोक्यावर अशी काही थाप मारली की माझी वेणीच सुटली.

संध्याकाळी तो पुन्हा आला तो छाती काढूनच. दुकानाच्या मालकांच्या हातात नोकरी सोडल्याची चिठ्ठी देऊन आला होता.

आईने इस्त्री बाजूला ठेवली. "कुणाला विचारलंस का?"

"विचारलं की. तुझ्या मुलीला."

त्या वाक्याने मला आधी फार भारी वाटलं. रविवारी सकाळी दात घासताना मात्र तो फिल्टर आठवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मीच माईकवरून सांगितलं होतं. आणि काल आम्ही दोन बदलल्या होत्या.

मी मामाला बोलावून घेतलं. "आणखी एक फेरी. कडं आत आहे की नाही, ते या वेळी फक्त मला माहीत असेल. वर पोचल्यावर तू सांगायचं."

"त्यात काय सांगायचं? बसल्याबसल्या कळेल."

दोघांना घरात पाठवून मी एकटीने सीट उचलली, मग अठरा गाठोडी पुन्हा भरली. बाबा म्हणाले, "मी फक्त ड्रायव्हर, मला काही विचारू नका." वर पोचलो. तीन मिनिटं एकवीस.

"आहे," मामा म्हणाला. "ओढ बघ ना कशी लागते."

मी दप्तरातून कडं काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्याने त्या पात्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आता घालून बघ." घातलं, पुन्हा पायथ्यापासून चढलो. तीन मिनिटं तेवीस.

"चूक माझी आहे मामा. मी घाईने पास म्हणाले. वेग फिल्टर झटकल्यामुळे आला."

"अकरा वर्षं पंख्यांतली धूळ काढतोय मी," तो म्हणाला. "धूळ काढली की पंखा पळतो, हे मला तू शिकवायचं? मला कळायला हवं होतं." मग म्हणाला, "कळून घ्यायचं नव्हतं, असंही असेल."

बाबांनी गाडी वळवली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी विचारलं, "मालकांचं घर डावीकडचं का उजवीकडचं?"

"आज नको भावजी. काल काय तोऱ्यात चिठ्ठी दिली मी."

"उद्या तिथे दुसरा बसलेला असेल. डावीकडचं का?"

"डावीकडचं."

दारापाशी मामा मला म्हणाला, "तू बोल. तुझं तोंड चालतं."

"चाचणीत चूक कशी झाली ते मी सांगेन. नोकरी परत तुलाच मागायला हवी."

त्याने बेल वाजवली. मालक बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवलेला. मामाने नमस्कार केला. मग म्हणाला, "कालची चिठ्ठी वाचलीत?"

"चष्मा सापडत नाहीये कालपासून," मालक म्हणाले. आत जाऊन त्यांनी ती चिठ्ठी आणली, घडी तशीच्या तशी. "काय लिहिलंय?"

मामा त्यांच्या कपाळाकडे बघत राहिला. "चुकीचं लिहिलंय. परत घेऊ?"

"घे. आणि उद्या लवकर ये, शाळेचे नऊ पंखे आलेत."

मी वाटेत अख्खं भाषण जुळवून ठेवलं होतं. त्यातला एक शब्दही लागला नाही, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.